व्हॉइस चॅट हवाच का? आधी एक शनिवार माइक बंद ठेवून खेळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेले तुम्ही चौघं मोबाइलसाठी चार विरुद्ध चार असा टीम गेम करताय. नकाशा पेठेतल्या जुन्या वाड्याचा, सामना सहा मिनिटांचा. एका टीमने विहिरीपाशी ठेवलेली पेटी पळवायची, दुसरीने राखायची. तुमच्यातला एक म्हणतो, व्हॉइस चॅट, म्हणजे खेळताना माइकवर एकमेकांशी बोलायची सोय, नसेल तर टीम गेम कुणी दोनदा उघडणार नाही. एकीचं म्हणणं, तो घातला तर शिव्या ऐकूनच लोक पळतील. उरलेल्या दोघांना वेळेची आणि पैशांची काळजी आहे. आणि प्रश्न असा, की ऑनलाइन टीम गेमला व्हॉइस चॅट लागतोच का.

उत्तर आधी देते, कारणं नंतर. मित्रमंडळी ठरवून एकत्र खेळतील त्यांच्यासाठी आवाज ठेवा. अनोळखी खेळाडूंना एकमेकांचा आवाज पहिल्या दिवशी देऊ नका. आणि या दोन्हींच्या आधी पिंग करा, तोही मन लावून. इथे पिंग म्हणजे 'पिंग हाय आहे' मधला नेटचा पिंग नव्हे. स्क्रीनवर बोट लावलं की नकाशावर उमटणारी आणि सगळ्या टीमला दिसणारी खूण, तो हा पिंग.

मी पुण्यात पंधरा वर्षं गेम करते आहे. सुरुवातीला नेटवर्कचं कोडिंग केलं, नंतर डिझाइनकडे आले. टीम गेमच्या चाचण्या आवाज चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोन्ही प्रकारांनी भरपूर घेतल्या आहेत. त्यातून जे कळलं ते सांगते. माझं उत्तर तुमच्या गेममधल्या दोन-तीन गोष्टींवर हलू शकतं. त्या जिथे येतील तिथे तसं सांगेन.

पहिली अडचण प्रश्नातच आहे. 'व्हॉइस चॅट लागतो का' असं विचारलं की आपण लगेच माइक, सर्व्हर आणि शिवीगाळ यांच्यावर बोलायला लागतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एका खेळाडूला जे दिसलं ते दुसऱ्याला वेळेत कसं कळणार? आवाज हा त्याचा एक मार्ग. गेम नीट रचला तर बाकीचे मार्ग बरंच काम करतात.

मी शाळेत खो-खो खेळायचे, आणि मला वाटतं या विषयावर सगळ्यात जास्त मी तिथेच शिकले. आठ जणी चौकोनांत उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे. तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा सोडून उलटं फिरता येत नाही. म्हणून पाठलाग दुसरीच्या हवाली करावा लागतो. बसलेल्या मुलीला पाठीमागचं काही दिसत नाही. पाठीवर थाप पडते, त्याच क्षणी 'खो' ऐकू येतो, आणि तिला सगळं कळतं: आता तू, इथून, तुझं तोंड आहे त्या बाजूला. टाच आधीच उचललेली असते, ती सुटते. 'ती डावीकडे वळली, तू पोलकडे जा' असं कुणी सांगत बसत नाही. तेवढं सांगून होईपर्यंत पळणारी दुसऱ्या टोकाला पोचलेली असते.

या खेळाचे नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली बांधले गेले. तुमचं काम त्याच गावात चाललंय म्हणून सांगते: 'खो' हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पिंग आहे. एका अक्षराचा शब्द आणि एक स्पर्श. मैदानावर कितीही आरडाओरडा असला तरी तो पोचतो, कारण तो दोन वाटांनी येतो. तो मोठ्याने आणि मागूनच द्यायचा, आणि तो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असा नियमच आहे. म्हणजे निरोप देणं हा खेळाचाच भाग आहे. मुली एरवी ओरडायच्या, चिडवायच्या, पण खेळ त्या ओरडण्यावर चालत नव्हता.

आता एक चाचणी सांगते. काही वर्षांपूर्वी कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही आठ कॉलेजची मुलं-मुली बोलावली होती. आमचा गेमही चार विरुद्ध चारच होता. हॉलमधल्या चौघांना हेडफोन आणि माइक दिले, आतल्या खोलीतल्या चौघांना फक्त पिंग. मी हॉलमध्ये वही घेऊन बसले आणि कानावर पडेल ते वाक्य लिहीत गेले. पहिल्या सामन्यातलं एक पान अजून माझ्याकडे आहे:

'तिकडे आहे, तिकडे!'
'तिकडे म्हणजे कुठे?'
'अरे मागे!'
'कुणाच्या मागे?'
'माझ्या! जाऊ दे, मेलो.'

'तिकडे' हा समोरासमोर बोलताना उत्तम शब्द आहे, कारण तो बोलताना आपण बोट दाखवतो किंवा मान वळवतो. हेडफोनमधून बोट जात नाही. नुसता 'तिकडे' उरतो, आणि त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नाही. त्याच वेळी आतल्या खोलीत एका मुलीने जिन्यावर पिंग मारला होता आणि तिघं एक शब्द न बोलता जिन्याकडे वळले होते.

त्या संध्याकाळी मी ती वाक्यं घरी नेऊन वेगळी लावली. एका बाजूला 'इथे आहे', 'हे घे', 'मी इकडे चाललोय', 'मला वाचव' अशी वाक्यं आली. या सगळ्यांत एक जागा असते किंवा एक वस्तू असते, आणि वेळ 'आत्ता' असते. पिंग हे काम आवाजापेक्षा चांगलं करतो, कारण तो जागा दाखवतो, जागेचं वर्णन करत नाही. दुसऱ्या बाजूला उरली ती वाक्यं अशी: 'थांब, त्यांना येऊ दे.' 'मी धूर टाकला की मग ये.' 'आता नको, आपण तिघंच आहोत.' 'मगाशी दोनदा इकडूनच आले, या वेळी माडीवरून येतील.' यांत 'जर' आहे, 'नको' आहे, 'नंतर' आहे, 'कारण' आहे. ही कामं खुणेने होत नाहीत, त्यांना भाषा लागते.

तेव्हापासून कुठलाही टीम गेम हातात आला की मी हेच तपासते. यात जिंकायला 'इथे-आत्ता' पुरतं, की 'जर-तर' लागतं? पहिलं असेल तर व्हॉइस चॅट ही सोय आहे. दुसरं असेल तर ती गरज आहे.

बाहेरच्या गेमनाही हे लावून बघा. स्प्लटून २०१५ साली आला. चार विरुद्ध चार, टर्फ वॉरचा सामना तीन मिनिटांचा, आणि त्यात व्हॉइस चॅट नव्हता. खेळाडूला देता येण्याजोग्या हाका दोनच, एक बोलावणारी आणि एक जल्लोषाची. तरी तो गेम चालला, कारण त्यातली जमीनच बोलते. जो जिथून गेला तिथे त्याच्या टीमचा रंग सांडलेला असतो. कुठे शत्रू घुसलाय आणि कुठे आपलं कुणीच नाही, हे नकाशावर एक नजर टाकली की कळतं. लीग ऑफ लेजंड्स २००९ साली आला आणि २०१८ मध्ये त्यात पार्टी व्हॉइस आला, तोही ठरवून एकत्र आलेल्यांपुरता. मधली नऊ वर्षं जगभरातले कोट्यवधी अनोळखी लोक पिंग आणि टायपिंगवर खेळत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजंड्समध्ये व्हॉइस होता, पण लोकांनी उचलून धरला तो त्यातला पिंग. शत्रूची खूण वेगळी, बंदुकीवर नेम धरून बटण दाबलं तर बंदुकीची, रिकाम्या जागेवर धरून दाबलं तर 'इकडे जाऊया', आणि प्रत्येक खुणेबरोबर पात्र स्वतः त्या अर्थाचं वाक्य बोलतं. त्यानंतर लवकरच फोर्टनाइटनेही तसा पिंग आणला.

याच्या उलट काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट घ्या. व्हॅलोरंटचा राउंड १०० सेकंदांचा, आणि मेलात तर त्या राउंडपुरते बाहेर. एका चुकीची किंमत मोठी. स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लागला की फुटायला ४५ सेकंद. त्यात परत आत घुसायचं का, कुणी आधी जायचं, फ्लॅश (समोरच्याचे डोळे दिपवणारी चमक) कुणाकडे शिल्लक आहे, हे ठरवणं जवळजवळ सगळं 'जर-तर' आहे. खालच्या रँकला माणूस पिंगवर निभावून नेतो, पण वर चढलं की माइकशिवाय खेळणारा टीमला जड जायला लागतो. तिथे आवाज लागत नाही असं मी कुणालाही सांगणार नाही.

एक तिसरी जातही आहे, जिथे आवाज हाच खेळ असतो. २०२३ च्या लीथल कंपनीमध्ये मित्राचा आवाज अंतराप्रमाणे लहान होत जातो, आणि तो मेला की वाक्याच्या मधेच तुटतो. ती शांतता ऐकून उरलेल्यांच्या पोटात गोळा येतो. अशा गेममधून आवाज काढला तर काही उरत नाही. तुमचा गेम या जातीचा नाही, म्हणून इथे जास्त थांबत नाही.

तुमच्या वर्णनात मेल्यावर पाच सेकंदांनी पुन्हा जिवंत होता येतं असं लिहिलंय. माझ्या उत्तराचा मोठा भाग या एका ओळीवर उभा आहे. मरण स्वस्त असेल तर चूक स्वस्त, आणि चूक स्वस्त असेल तर आधी बोलून ठरवण्याची निकड कमी. तुम्ही हे पाच सेकंद काढून टाकून 'एकदा मेला की बाहेर' असं केलंत तर माझं उत्तर बदलेल, आणि मग आवाजाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

आता माणसांकडे येते, कारण व्हॉइस चॅटच्या चर्चेत खेळाडू हा नेहमी एकटा, शांत खोलीत, चांगला हेडफोन लावून बसलेला असतो. माझ्या ओळखीत असा खेळाडू दुर्मीळ आहे. पुण्यातला कॉलेजचा मुलगा रात्री साडेअकराला हॉलमध्ये गादीवर पडून खेळतो. शेजारी बाबा झोपलेले, डोक्यावर पंखा घरघरतोय. तो बोलू शकत नाही. संध्याकाळी बोलू शकतो तेव्हा कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका आणि आईची हाक हे सगळं टीमला ऐकू येतं. ब्लूटूथ इअरबड असतील तर आणखी एक गोष्ट होते, जी बऱ्याच जणांना माइक चालू केल्यावरच कळते. साध्या ब्लूटूथवर माइक सुरू झाला की इअरबड फोनकॉलच्या मोडमध्ये जातो आणि गेमचा सगळा आवाज जुन्या लँडलाइनसारखा येतो. डावीकडची पावलं कुठली आणि उजवीकडची कुठली, हे कळेनासं होतं. म्हणजे बोलण्यासाठी त्याला ऐकणं सोडावं लागतं.

भाषेचं तर विचारूच नका. आपल्याकडे लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, कुठला रँडम (अनोळखी खेळाडू) येईल सांगता येत नाही. एक सोलापूरचा, एक चेन्नईचा, एक गुवाहाटीचा, एक पाटण्याचा. चौघांचं मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजी जुळेपर्यंत तुमची सहा मिनिटं संपतात. पिंगबरोबर येणारं वाक्य प्रत्येकाला त्याच्या भाषेत दाखवता येतं. चेन्नईच्या मुलाने पिंग मारला तर सोलापूरकराला मराठीत 'विहिरीपाशी शत्रू' असं दिसेल. हे आवाजाने होत नाही.

आणि मुली. तुमच्या टीममधल्या मुलीचं म्हणणं बाकीच्यांनी नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. माझी भाची सिंहगड रोडला राहते, चांगली खेळते. एका रात्री मी तिच्या शेजारी बसले होते. तिने माइक चालू करून एवढंच म्हटलं, 'छतावर दोघं आहेत.' माहिती अगदी बरोबर होती. पलीकडून उत्तर आलं, 'अरे, मुलगी आहे!' मग कुठली आहेस, वय काय, इन्स्टा दे. छतावरच्या दोघांकडे कुणी बघितलंच नाही आणि त्या दोघांनी खाली उतरून चौघांना संपवलं. तिने काही न बोलता माइक बंद केला, पुढचा सामना सुरू केला, आणि पिंगवर खेळून जिंकली. मी विचारलं तर म्हणाली, 'मावशी, मी कधीच माइक चालू करत नाही. आज तू होतीस म्हणून केला.' मीही कित्येक वर्षं हेच करते आहे. ज्या गेममध्ये बोलल्याशिवाय जिंकता येत नाही, तो गेम आम्हाला अर्धाच खेळायला मिळतो. डिझाइन करणाऱ्याने हे टाळायचं ठरवलं तर टाळता येतं, म्हणून मी हे इतकं लावून धरते.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचाही विचार इथेच करा, नंतर नको. आमच्या एका चाचणीला कमी ऐकू येणारा एक मुलगा आला होता. पिंगच्या टीममध्ये तो बरोबरीने खेळत होता, पण पाठीमागून येणाऱ्याच्या हातून मात्र दर वेळी मरत होता. कारण पावलांची चाहूल आम्ही फक्त आवाजात ठेवली होती. फोर्टनाइटमध्ये पावलं आणि गोळीबार स्क्रीनवर खुणांनी दाखवायची सोय आहे. आम्हीही मग तशी स्क्रीनची एक कड उजळवली. गंमत म्हणजे नंतर सगळेच ती चालू ठेवायला लागले, कारण रात्री आवाज बंद करून खेळणाऱ्यांनाही ती हवीच होती.

'आम्ही व्हॉइस दिला नाही तर लोक डिस्कॉर्डवर (गेमबाहेर कॉल लावून बोलायचं ॲप) बोलतीलच' हा तुमच्या मित्राचा मुद्दा खरा आहे, आणि त्याला झटकून टाकू नका. डेड बाय डेलाइट हे याचं उघड उदाहरण आहे. चार जण जीव वाचवणारे, एक मारेकरी. गेममध्ये व्हॉइस चॅट नाही, कारण मारेकरी कुठे आहे हे एकमेकांना माहीत नसणं यातच त्याची भीती आहे. पण चौघं मित्र बाहेर कॉल लावून खेळले की ती भीती जाते आणि मारेकऱ्याचं काम अवघड होतं. आवाज न देण्याने आवाज थांबत नाही, तो फक्त काहींनाच मिळतो. यावर मी दोन गोष्टी करते. चौघांचा ठरलेला स्क्वॉड शक्यतो दुसऱ्या ठरलेल्या स्क्वॉडसमोरच लावायचा, चार रँडमसमोर नाही. आणि बोलणाऱ्यांना जी माहिती सहज मिळते, ती न बोलणाऱ्यांनाही गेमनेच द्यायची. मेलेल्या साथीदाराला कुणी आणि कुठून मारलं, ते तीन सेकंद टीमच्या नकाशावर दाखवलंत तर डिस्कॉर्डवाल्यांचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

मित्रांच्या स्क्वॉडसाठी मी आवाज द्यायलाच सांगते, तो याच कारणाने. आणि दुसरंही एक कारण आहे. मित्र बोलायलाच येतात. कॉलेज संपून एक हिंजवडीत, एक बंगळुरूला आणि एक जर्मनीत गेला की रात्री दहाचा सामना हा त्यांचा कट्टा असतो. ते 'शत्रू कुठे' कमी बोलतात आणि 'अरे, त्याचं लग्न ठरलं' जास्त बोलतात. तो आनंद गेमच्या आतच मिळाला तर ते तुमच्याकडे टिकतील.

तांत्रिक बाजू थोडक्यात. आवाज स्वतः लिहायला बसू नका, प्रतिध्वनी काढणं आणि नेटवर हरवलेली पॅकेट, म्हणजे आवाजाचे तुकडे, झाकणं यातच सहा महिने जातील. व्हिव्हॉक्स किंवा एपिक ऑनलाइन सर्व्हिसेससारख्या तयार सेवा आहेत. आवाज दाबून लहान करणारा त्यांच्या आतला ऑपस कोडेक २०१२ पासून प्रमाणित आहे आणि मोबाइल डेटावर हलका आहे. २४ केबीपीएसला (सेकंदाला २४ किलोबिट) एका आवाजाचे सेकंदाला ३ किलोबाइट. तिघे जण अर्धा तास अखंड बोलत राहिले, तरी पॅकेटचा वरखर्च धरून २५ ते ३० एमबीच्या आसपास जाईल. तुमच्या खेळाडूचा डेटा यात संपणार नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: आवाज फोनवरून थेट फोनवर पाठवू नका, मधे सर्व्हर ठेवा. थेट पाठवलात तर एका खेळाडूचा आयपी पत्ता दुसऱ्याच्या हाती लागतो, आणि हरल्यावर चिडलेल्या माणसाच्या हाती तो पडू नये.

अनोळखींचा आवाज सुरू केला की खरा खर्च सर्व्हरचा नसतो, तो देखरेखीचा असतो. टाइप केलेली शिवी गाळता येते. बोललेली शिवी पकडायची तर आवाज साठवावा लागतो, कुणीतरी तक्रार केल्यावर तो ऐकावा लागतो, आणि निर्णय द्यावा लागतो. व्हॅलोरंटची कंपनी रायट हिने २०२१ मध्ये यासाठी आपलं गोपनीयता धोरण बदललं आणि २०२२ मध्ये काम सुरू केलं ते उत्तर अमेरिकेत आणि फक्त इंग्रजीवर. एवढ्या मोठ्या कंपनीने असं एका भाषेपासून सुरू केलं, आणि तुमच्या लॉबीत मराठी, हिंदी, तमीळ आणि इंग्रजी एकाच वाक्यात येणार आहे. त्यात खेळणारे बरेच जण शाळकरी असतील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. साठवलेला आवाज हा डेटाच आहे. चौघांच्या टीमने हे ओझं पहिल्या वर्षी उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढे कधी उचललंत तर माइक आणि ऐकणं दोन्ही मुळात बंद असू द्या, ज्याला हवं त्याने चालू करावं, आणि एका बोटात कुणालाही गप्प करता यावं.

आता पिंग कसा करायचा, कारण तुमचा वेळ तिथे जायला हवा. एकच बटण ठेवा, उजव्या अंगठ्याच्या कक्षेत. अर्थ गेमने ओळखायचा: शत्रूवर, पेटीवर, दारावर, मोकळ्या जागेवर. खूण, छोटा आवाज आणि हलकं व्हायब्रेशन असं तिन्ही वाटांनी ते पोचवा, खोसारखं. उत्तर देण्याची सोय विसरू नका. पिंग पाहून साथीदाराने एकदा बोट लावलं की पाठवणाऱ्याला 'आलो' दिसावं. आम्ही पहिल्यांदा हे ठेवलं नव्हतं, आणि लोक एकाच जागी सात-सात पिंग मारत सुटले. आपलं कुणी ऐकलं का, हे त्यांना कळतच नव्हतं. उत्तर आल्यावर ते थांबले. तरीही मर्यादा हवीच, पाच सेकंदांत तीन पुरे. तयार वाक्यंही जपून निवडा. रॉकेट लीगमधलं 'काय अडवलास!' या अर्थाचं कौतुकाचं वाक्य लोक गोल खाल्लेल्या साथीदाराला डिवचायला वापरतात. कौतुक हवं असेल तर ते गेमनेच करावं, खरोखर अडवल्यावरच.

आणि नकाशाला नावं द्या. हे काम फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. तुमच्याकडे वाडा आहे, म्हणजे नावं तयारच आहेत: दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, माडी, परसदार, विहीर. खेळाडू जिथे उभा असेल तिथलं नाव कोपऱ्यात सतत दिसू द्या. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट हे करतात, आणि म्हणूनच त्यांचे खेळाडू 'तिकडे' म्हणत नाहीत. नावं मोठ्याने म्हणून बघा. घाईत 'माजघर' आणि 'माडी' यांचा पहिला 'मा' तेवढाच ऐकू येतो आणि माणूस चुकीकडे पळतो. त्यातल्या माजघराला 'देवघर' करा. 'दिंडी दरवाजा' लांब आहे, 'दिंडी' पुरे. पुढे मित्रांच्या स्क्वॉडमध्ये आवाज येईल तेव्हाही हीच नावं त्यांच्या तोंडात असतील. माइक असलेल्या आणि नसलेल्या खेळाडूंची भाषा एक झाली, की दोघं एका टीममध्ये नांदतात.

या शनिवारी आठ जणांना बोलावा. त्यांतले निदान तिघं असे असू द्या ज्यांनी तुमचा गेम आधी पाहिलेला नाही. चौघं एका खोलीत, चौघं दुसऱ्या, आणि त्यातही एका टीमचे चौघं एकत्र बसवू नका, दोन इकडे, दोन तिकडे. माइक बंद, टायपिंग बंद, आहे तेवढा पिंग चालू. ते भिंतीपलीकडे ओरडतील. ओरडू द्या. दोन्ही खोल्यांत एकेक जण वही घेऊन बसा आणि ओरडलेला प्रत्येक शब्द आणि तेव्हा घड्याळात काय वाजलं ते लिहा. मग 'इथे-आत्ता' एका बाजूला, 'जर-तर' दुसऱ्या बाजूला लावा. पहिल्या बाजूचा जो शब्द तीनदा आला असेल तो तुमचा राहून गेलेला पिंग. दुसरी बाजू मला दाखवा. ती पानभर भरली असेल तर मी वर जे सांगितलं ते आपण पुन्हा तपासू.